आजीच्या गोष्टी आणि सातबारा

(जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीत झालेले भाषण. घरगुती भाग तसाच ठेवला आहे.)



बैठक अकराची होती, आता साडेबारा वाजले. कोणाला दोष नाही. ज्वारीची काढणी चालू आहे. ज्या मायबहिणी इथे बसल्या आहेत त्या अर्धा दिवस मोडून आल्या आहेत, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तो अर्धा दिवस त्यांनाच भरून काढायचा आहे. तेव्हा आम्ही लांबण लावणार नाही, असे म्हणतो. म्हणतो खरे, पण आमच्या बोलण्याची खोड तुम्हाला माहीत आहे.

आज ज्वारीच्या भावावर बोलावे असे ठरले होते. ते दुपारी होईल. त्याआधी एक वेगळी गोष्ट काढायची आहे. मागच्या महिन्यात एका गावात आम्ही सहज विचारले की, पणजोबांचे नाव किती जणांना माहीत आहे? जवळजवळ सगळे हात वर आले. मग विचारले, पणजीचे? चार-पाच हात. तिचे माहेरचे नाव, लग्नात बदलण्याआधीचे? एकही हात नाही. आम्ही स्वतःही हात वर केला नाही, कारण आम्हालाही माहीत नव्हते. नंतर चहा पिताना मात्र प्रत्येकाने आपापल्या घरातल्या कोणत्या तरी बाईची गोष्ट सांगितली. कोणाच्या आजीने बिबट्याच्या तोंडून शेळी सोडवली होती, कोणाच्या चुलतीने सावकाराच्या माणसाला उंबऱ्यावरून परत लावले होते. गोष्टी सगळ्यांकडे आहेत. नावे नाहीत. हे कसे झाले ते आज जरा बघू.

आमच्या घरचे आधी सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपले दार उघडावे.

आमचे गाव आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या पट्ट्यात. पश्चिमेला डोंगरात धो-धो पाऊस, घोड नदीवर डिंभे धरण, आणि आमच्याकडे मात्र ढग नुसते वरून जातात. आजोबा मुंबईला गोदीत होते. ह्या दोन तालुक्यांतला निम्मा पुरुष तेव्हा मुंबईतच होता. कोणी गिरणीत, कोणी माथाडी, कोणी डबे पोचवायला. शेत बाईकडे. पण शेत बाईकडे म्हणजे काय, तर खुरपणी, काढणी, राखण, जनावरे, सगळे बाईकडे. फक्त औत धरायचे नाही. बाईने औत धरले तर पाऊस जातो, अशी समजूत. म्हणजे पेरणीला पुरुष मागायचा, त्याच्या दाराशी चार खेपा घालायच्या, आणि त्याची स्वतःची पेरणी झाल्यावर, ओल उडून गेल्यावर, तो येणार.

कोरडवाहू शेतीत ओल उडणे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. कापसाच्या आणि ज्वारीच्या माणसाला वेळेचा हिशेब दिवसाने नाही, तासाने करावा लागतो. एक वर्ष हस्ताचा पाऊस पडला, वाफसा आला, आणि चुलत दीर म्हणाले, परवा बघू. आजीने रात्री चांदण्यात बैल जुंपले, पाभर काढली आणि स्वतः चाड्यावर मूठ धरली. बैलापुढे आमची आत्या, तेव्हा आठ-नऊ वर्षांची, दावे धरून. उजाडेपर्यंत एक तुकडा पेरून झाला होता. सकाळी गावाने पाहिले आणि पारावर चर्चा. त्या वर्षी पुढचा पाऊस आला नाही, तो आमच्या आजीमुळेच गेला असे पक्के ठरले. गंमत अशी की, सगळ्या शिवारात त्या वर्षी जे थोडेबहुत पिकले त्यात आजीचा तुकडा होता, कारण तो ओलीत पेरला गेला होता. हे मात्र पारावर कोणी बोलले नाही.

एक विचारतो. आपण शिवनेरीच्या पायथ्याशी राहतो. जिजाऊंनी पुण्यात सोन्याचा नांगर धरून ओसाड जमीन नांगरली, ही गोष्ट आपण पोरांना छाती फुगवून सांगतो. मग जिजाऊंनी धरला तर लक्ष्मी येते आणि आमच्या आजीने पाभर धरली तर पाऊस जातो, हे कोणते शास्त्र? आमच्या कृषी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात तरी ते नव्हते.

दुसरी गोष्ट १९७२ च्या दुष्काळाची. इथे केस पांढरे झालेले जे बसले आहेत त्यांना तो दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायची कामे निघाली होती. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे, मुलांना सुकडी मिळे. आमची आजी आणि आत्या दोघी खडी फोडायला जात. आत्या तेव्हा बाराची. वडील त्याहून लहान. घरात खायला मिलो, त्याचीही भाकरी धड होत नसे. पण घराच्या कोपऱ्यात शेणामातीने लिंपलेली एक कणगी होती, आणि तिच्यात साधारण मणभर शाळू होता. बियाणाचा. आजीने आधीच्या वर्षी शेताच्या मधोमधची कणसे, मोठी, भरलेली, बिनरोगाची, काढणीआधी हिंडून स्वतः निवडली होती. आढ्याला टांगली, हाताने बडवली, राख चोळली, कडूलिंबाचा पाला घातला आणि तोंड लिंपून टाकले.

पोरे रडत. वडिलांनी एकदा कणगी फोडायला कुदळ घेतली होती, हे ते स्वतःच आम्हाला सांगत. आजी कणगीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मला खा आधी, मग बी खा."

आम्ही लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा आजी कठोर वाटायची. शेतीची पदवी घेतल्यावर एकदा कागद घेऊन हिशेब केला. रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बी लागते, म्हणजे एकरी चार. मण म्हणजे चाळीस किलो धरा. घरात खाणारी तोंडे सात. दिवसाला तीन किलोला थोडे कमी पीठ लागणार. म्हणजे ती कणगी फोडली असती तर चौदा दिवस निघाले असते. आणि तीच कणगी दहा एकरांचे बियाणे होती. आजीला पाढे येत नव्हते, पण हा हिशेब तिने उपाशीपोटी केला होता. आम्ही भरल्या पोटी केला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. पेरणीआधी तिने कणगी फोडली, आणि काय केले माहीत आहे? शंभर दाणे मोजले. मोजता येत नव्हते म्हणून पाच-पाच दाण्यांच्या वीस ढिगाऱ्या केल्या. ओल्या फडक्यात बांधले, चुलीजवळ उबेला ठेवले, आणि चार-पाच दिवसांनी किती मोडावले ते पाहिले. कमी निघाले, म्हणून मूठ जरा सैल सोडायची असे ठरवले. आम्हाला हीच उगवणशक्तीची तपासणी महाविद्यालयात प्रात्यक्षिक म्हणून होती, वहीत आकृती काढून, दहा गुणांना. आम्ही सुटीत घरी येऊन आजीला मोठ्या ऐटीत शिकवायला लागलो, तर ती म्हणाली, "आरं, ह्यात शिकायचं काय?" त्या दिवसापासून आमची ऐट थोडी कमी झाली. सगळी गेली असे म्हणणार नाही.

घराला लागले तेवढे ठेवून उरलेले बी तिने भावकीत वाटले. सवाईने नाही, दिडीनेही नाही. जेवढे घेतले तेवढेच परत करा म्हणाली. ज्या पारावर तिने पाऊस घालवल्याचा निकाल लागला होता, त्या पारावरच्याच चार घरांनी ते बी नेले.

आता हे फक्त आमच्या आजीचे शहाणपण होते असे नाही. डोंगराच्या पलीकडे अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेली महादेव कोळी समाजाची बाई. घरातला नातू आजारी पडू लागला आणि त्यांना वाटले की हे फवारलेल्या अन्नाचे फळ आहे, तिथून त्यांनी गावठी बियाणे गोळा करायला सुरुवात केली. भाज्या, वाल, भात, नाचणी. घरातच बियाणांची बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहे. पण आम्हाला त्यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. राहीबाईंनी जे केले ते आपल्या प्रत्येक घरातली आजी करतच होती. ते काम बाईच्या हातून सुटले आणि बियाणे पिशवीतून यायला लागले, तेव्हा कोणाला काही सुटल्याचे कळलेसुद्धा नाही. कापसाच्या भावांना हे जास्त कळेल. १९७० साली संकरित कापूस आला, २००२ साली बीटी आला, आणि दर हंगामाला पाकीट विकत घ्यायची सवय लागली. संकरित बियाणे आणू नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरुद्ध बोलणारे नाही. पण पूर्वी घरात बियाणाचा निर्णय बाई करायची, आता दुकानदार करतो. ह्या बदलात बाईची घरातली किंमत किती उतरली, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

ओतूरकर बसले आहेत समोर, म्हणून त्यांच्या गावाचे सांगतो. १८७६-७७ चा दुष्काळ. २० एप्रिल १८७७ ह्या तारखेचे एक पत्र आहे, ओतूर, जुन्नर असा पत्ता घातलेले. लिहिणाऱ्या सावित्रीबाई फुले, आणि लिहिले आहे जोतीरावांना. सावित्रीबाई म्हटले की आपल्याला मुलींची शाळा आणि अंगावर पडणारे शेण आठवते. दुष्काळात ह्या मुलखात फिरणाऱ्या सावित्रीबाई आठवत नाहीत. त्या पत्रात त्या काय लिहितात? जनावरे मरून पडताहेत, दाणा नाही, चारा नाही, माणसे गाव सोडून चालली आहेत. सावकारांनी लूट मांडली आहे, त्यातून दंगे उसळले. कलेक्टर आले, सत्यशोधकांपैकी पन्नास जणांना धरले, आणि चौकशीसाठी सावित्रीबाईंना बोलावले. बाईंनी कलेक्टरला तोंडावर विचारले की आमच्या माणसांवर हा खोटा आळ का? कलेक्टरने माणसे सोडून दिली आणि चार गाड्या ज्वारी पाठवली.

चार गाड्या ज्वारी. आज आपण ज्वारीच्या भावासाठी निवेदने देतो, मोर्चे काढतो, आणि पोच घेऊन परत येतो. दीडशे वर्षांपूर्वी ह्याच तालुक्यात एका बाईने सरकारी अधिकाऱ्याशी वाद घालून माणसेही सोडवली आणि ज्वारीही मिळवली.

त्या पत्रात आणखी एक नाव आहे. भाऊ कोंडाजी आणि त्यांची बायको उमाबाई आपली काळजी घेतात, असे सावित्रीबाई लिहितात. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात भाऊ कोंडाजी पाटलांचे नाव येते, यायलाच हवे. पण उमाबाई? दुष्काळात, स्वतःच्या घरात दाण्याची ओढ असताना, आलेल्या पाहुणीला भाकरी घालणारी बाई. तिचे नाव आपल्याला कळले, कारण पत्र लिहिणारी बाई होती. पुरुषाने लिहिले असते तर "पाटलांच्या घरी उत्तम व्यवस्था आहे" एवढे लिहून मोकळा झाला असता.

आता नारायणगावाकडे येतो. हसू नका, तमाशावर बोलणार आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात रस्त्याकडेला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी द्यायला येतात. आपल्यातले कितीतरी जण तिथे जाऊन सौदा करून आलेले आहेत. पिकले की सुपारी मोठी, नाही पिकले की फडाचे हाल. आपला दुष्काळ त्यांच्याही हंड्यात उतरतो.

त्याच नारायणगावच्या विठाबाई. १९३५ साली पंढरपुरात जन्म, फडातच वाढल्या. आजोबा नारायण खुडे, वडील भाऊ, चुलते बापू, सगळे तमासगीर. भाऊ-बापूंचा फड महाराष्ट्रात गाजलेला. विठाबाईंची एक गोष्ट त्यांच्या घरात आणि सगळ्या तमाशाच्या मुलखात सांगतात. नऊ महिने भरलेले, आणि फड उभा. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली, आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. समोर पब्लिक तिकीट काढून बसलेले. मग लोकांच्याच लक्षात आले आणि लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितले.

ही गोष्ट सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. आत्ताही तुम्ही वाजवल्या. आम्हाला मात्र ही गोष्ट ऐकून टाळी वाजवावीशी वाटत नाही. बाळंत होऊन लगेच नाचायला उभे राहावे लागले, त्यात बाईची हिंमत आहे हे खरे, पण ती वेळ तिच्यावर का आली? कारण फड चालला नाही तर पंधरा-वीस चुली विझणार होत्या. आपल्याकडेही खुरपता खुरपता बाळंत झालेल्या बाया आहेत, दोन दिवसांनी पुन्हा वावरात गेलेल्या आहेत. त्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. कौतुक करा, पण त्याबरोबर थोडी शरमही वाटू द्या.

विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदके मिळाली. शेवटचे दिवस तंगीत गेले. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. हयातीत औषधाची ओढाताण आणि मेल्यावर नावाचा पुरस्कार, ही आपली रीत जुनीच आहे.

पण एक गोष्ट बघा. त्यांच्या फडाच्या पाटीवर नाव कोणाचे होते? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. स्वतःचे नाव, बापाचे नाव, जात न लपवता आणि गाव. लेक मंगला बनसोडे, तिने पुढे स्वतःचा फड काढला, त्यावर तिचे नाव. ज्या बायांकडे आपली घरंदाज माणसे नाके मुरडून बघतात, त्यांच्या धंद्यावर त्यांचे नाव आहे. मालकीण म्हणून आहे. आणि आपल्या घरंदाज आज्यांचे? ज्या जमिनीसाठी आमची आजी रात्री पाभर धरून चालली, त्या जमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव काय होते?

तेच सांगायचे होते, आता सांगतो.

आजोबा वारले तेव्हा वारसाची नोंद झाली. कब्जेदाराच्या रकान्यात वडिलांचे नाव लागले आणि त्यापुढे तीन अक्षरे, ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आजीचे आणि आत्याचे नाव गेले 'इतर हक्क' ह्या रकान्यात. त्या रकान्यात आणखी काय असते? सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, विहिरीचा हिस्सा. तिथेच आमची आजी. कायदा असे सांगत नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, आई, मुलगे आणि मुली सगळे पहिल्या वर्गाचे वारस. पण तलाठ्यापुढे माहिती देणारे कोण, तर भावकीतले पुरुष. त्यांनी सांगितले तसे लिहिले गेले.

आजी गेल्यावर, २००४ साली, सोसायटीचे कर्ज काढायचे होते. उताऱ्यावर आत्याचे नाव अडचणीचे झाले. हक्कसोडपत्र करायचे ठरले. आत्याला तालुक्याला आणले. आम्ही नुकतेच पदवी घेऊन आलेलो, घरातले शिकलेले. तो कागद तिला वाचून दाखवायचे काम आमच्याकडे आले. आम्ही वाचला. "स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, बंधूंच्या प्रेमापोटी" असे त्यात होते. आत्या ऐकत होती. जिने आठ वर्षांची असताना बैलाचे दावे धरले, बारा वर्षांची असताना खडी फोडून आमच्या वडिलांना जगवले, ती. तिने विचारले, "म्हंजी आता माझं काय ऱ्हातं?" आम्ही म्हणालो, "माहेर राहतं, आत्या." तिने अंगठा दिला. तिला एक साडी-चोळी केली आणि एस.टी.त बसवून दिले.

भावांनो, आम्ही सावकाराविरुद्ध बोलतो, सरकार शेतमालाचा भाव पाडून शेतकऱ्याला लुटते असे बोलतो. त्या दिवशी आमच्या घरातली लूट आम्ही स्वच्छ उच्चारात वाचून दाखवली. आणि त्याच संध्याकाळी घरी पाहुणे होते, त्यांना वडिलांनी कणगीची गोष्ट सांगितली. आम्ही ऐकत होतो आणि आम्हाला त्यात काही चुकीचे वाटले नाही. गोष्ट सांगितली की देणे फिटले, असे आपल्याला वाटते.

कोणी म्हणेल, बाईला जमीन दिली की ती जमीन नणंदा-जावयांच्या हाती जाईल, भाऊबंदकी होईल, तुकडे होतील. हे आम्ही पन्नास वेळा ऐकले आहे. तुकडे दोन भावांत होत नाहीत काय? तेव्हा कोणी म्हणत नाही की धाकट्याने प्रेमापोटी अंगठा द्यावा. आणि हे काही कोणी शहरातून आणलेले खूळ नाही. आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला बसून शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायांचे अधिवेशन भरले, लाखांनी बाया आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावे जमीन करायची, आणि गावात शंभर जणांनी केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यात पुढे होते. ते कापसाच्या मुलखातले शेतकरी होते, कोणी साहेब नव्हते. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट करून दिली.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी आहे, तिथे एकट्या सीतेचे देऊळ आहे. शेजारी राम नाही. गावात गोष्ट सांगतात की टाकलेली सीता तिथे बाळंत झाली, गावात मूठभर गहू मागायला गेली, कोणी दिला नाही, म्हणून तिने शाप दिला की ह्या गावात गहू पिकणार नाही. जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार घडवून आणला. मूठभर गव्हाची ही गोष्ट कापसाच्या जिल्ह्यांत आज कोणाला लागू पडते? ज्याने कर्जापायी जीव दिला त्याच्या विधवेला. ती सोसायटीत जाते, बँकेत जाते, तलाठ्याकडे जाते. जमीन सासऱ्याच्या नावे. कर्ज मात्र घराचे, आणि घर तिच्या डोक्यावर.

कायदा आता कुठे आहे ते चटकन सांगतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. बाप त्या तारखेला हयात असला पाहिजे की नाही ह्यावर पंधरा वर्षे भांडण चालले, ते ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मिटवले. हयात असण्याची गरज नाही. मात्र नोंदणी करून दिलेले हक्कसोडपत्र आपोआप रद्द होत नाही. म्हणजे आमच्या आत्याचा अंगठा कायद्याने अजून तिथेच आहे. तो आम्हीच आमच्या हाताने उलटवला तर उलटेल.

तर त्याचे काय केले, हे तुम्ही विचारणारच. आमच्या वाट्याच्या जमिनीत पत्नीचे नाव २०१६ साली लावले. ते सोपे गेले. आत्याचे सोपे नाही. मागच्या वर्षी आम्ही घरात विषय काढला की आजीने चांदण्यात पेरलेला तो तुकडा, एक एकर, बक्षीसपत्राने आत्याच्या नावे करू. धाकटा भाऊ तेव्हापासून आमच्याशी धड बोलत नाही. तो म्हणतो, आत्याने मागितले आहे का? खरे आहे, मागितले नाही. आम्ही आत्याकडे जाऊन सांगितले, तर ती म्हणाली, "आता ह्या वयात काय करू? तुम्हा भावाभावांत वाकडं नको." मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पर बांधावरची बोर हाय का अजून?" बोर आहे. ते सांगितल्यावर तिने तुकड्याच्या चारी बांधांवर काय काय होते ते न चुकता सांगितले. एकवीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती.

कागद अजून झालेला नाही. भावाची समजूत काढणे चालू आहे. नाही निघाली तर आमच्या वाट्यातून देऊ. पुढच्या बैठकीला येऊ तेव्हा झाले की नाही हे तुम्ही विचारा, त्यासाठीच चारचौघांत सांगितले.

मागे टेबलावर वारस नोंदीचे कोरे अर्ज ठेवले आहेत, आणि सहहिस्सेदाराच्या अर्जाचा नमुनाही. ज्यांनी उतारा आणला आहे त्यांनी जेवणाआधी आमच्या कार्यकर्त्यांना दाखवा. आई, बहीण, विधवा भावजय ह्यांची नावे 'इतर हक्क' रकान्यात आहेत का ते बघून देतील. ज्यांना वाचता येत नाही अशा मायबहिणींनी घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊ नका, आमचा अनुभव वर सांगितलाच आहे. इथल्या ताईंकडून घ्या. वंशावळ लिहिताना पणजीचे नाव माहीत नसेल तर घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा आणि मग लिहा, जागा रिकामी ठेवू नका.

आता ज्वारीचा भाव. मालदांडीला ह्या आठवड्यात बाजारात काय मिळाले, ते कोण सांगतो?